पडेगावच्या दाराची बेल

पडेगाव, ११ जानेवारी २०२५

संस्कृती,

आधी आशीर्वाद घे, मग पुढचं वाच. पुढचं वाचून तू चिडणार आहेस आणि मग आशीर्वाद तसाच राहून जाईल.

येत्या गुरुवारी येऊ नकोस. डॉक्टरांकडे तपासणीला शहरात येशीलच, पण तिथूनच अजिंठ्याची बस धर. पडेगावकडे वळू नकोस.

झालं असं की पुंजाराम काकांच्या घरी चोरी झाली. आपल्या ओळीतलं चौथं घर, तेही भरदुपारी. दोन सिलिंडर, तांब्याचा बंब आणि काकूंची घडीही न मोडलेली पैठणी नेली, आणि जाताना चोरांनी दार नीट ओढून घेतलं. एवढे शिस्तीचे चोर आपण पाहिले नाहीत, असं काकू गल्लीभर सांगत सुटल्या आहेत. मलाही हसू आलं होतं. पण तुझ्या दादानं, सोमनाथनं, तेव्हापासून एकच धरून ठेवलंय. दाराला कॅमेऱ्याची बेल बसवायची. बाहेर कोण उभं आहे ते आत दिसतं म्हणे, त्याच्याशी बोलताही येतं.

आणि काकूंचं तोंड तुला माहीत आहे. परवा तुझ्या वडिलांच्या, आबांच्या समोरच मला विचारलं, "तुमच्याकडं दुपारची स्कार्फवाली पोरगी येती ना, तिनं तर नाय बघितलं चोराला?" मी म्हणाले, ती रूपालीच्या शिलाईच्या दुकानातली, ब्लाउज द्यायला येते. आबांनी पेपरमधून मान वर केली नाही. बेल चोरांसाठी येते आहे की तुझ्यासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

दिवाळीनंतर तू तीनदा आलीस. त्याआधी पावणेदोन वर्षं मी तुझं तोंड पाहिलं नव्हतं. तू इंद्रजीतशी लग्न केलंस त्या दिवशी आबांनी तुझ्या नावानं आंघोळ केली आणि मी त्यांना पाणी काढून दिलं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आज का लिहिलं, ते मलाही सांगता येणार नाही.

फोन करू नकोस. मोबाईल सोमनाथच्या नावावर आहे आणि तो रिचार्ज बघतो म्हणत हातात घेतो. रूपालीच्या दुकानाच्या पत्त्यावरच लिही. ती मापाच्या ब्लाउजमध्ये घालून आणून देते.

लोणचं संपलं असेल तर तसं लिही.

तुझी आई

&nbsp;

पडेगाव, २० जानेवारी २०२५

संस्कृती,

तू चिडली नाहीस, उलट मला गरम पाण्याच्या पिशवीनं कंबर शेकायला सांगितलंस. त्यानं जास्तच वाईट वाटलं.

काल आम्ही तिघं बेल निवडायला औरंगपुऱ्यात गेलो होतो. सोमनाथ म्हणत होता ऑनलाइन मागवू, पण आबांना वस्तू हातात घेऊन बघितल्याशिवाय पटत नाही. बिडकीनची निम्मी जमीन कंपन्यांसाठी गेली आणि हा बंगला बांधला, तेव्हा फरशी, खिडक्या, ओट्याची उंची, सगळं त्यांनी हातानं चापपून घेतलं. ओट्याची तर स्वतः उभं राहून बघितली. स्वयंपाक मात्र मी करते, आणि चार बोटं उंच झालेल्या ओट्यावर माझा खांदा भरून येतो. तर त्या आबांनी काल दुकानात मला म्हटलं, "तूच निवड. दिवसभर घरात तूच राहती." लग्नाला एकतीस वर्षं झाली. घरातली वस्तू निवड म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि वस्तू कुठली तर ही.

दुकानदारानं तीन बेली काढून ठेवल्या. पहिली माणसं ओळखणारी. घरच्यांचे, पाहुण्यांचे फोटो तिच्यात भरून ठेवायचे, मग ती नाव घेऊन सांगते कोण आलंय ते. आबांनी विचारलं, "आन् फोटो नसंल त्याचं?" दुकानदार म्हणाला, "उसको अनोळखी व्यक्ती बोलती, काका." मी लगेच म्हणाले, ही नको. तुझा फोटो त्यात कोणी भरणार नाही आणि ती बाई दरवेळी माझ्या कानाशी तुला अनोळखी म्हणणार, ते ऐकून घ्यायची माझ्यात ताकद नाही.

दुसरी महिनाभराचं सगळं साठवून ठेवणारी, पण ते घरी येऊनच बघायचं. ती आबांना आवडली. दूधवाल्यापासून मांजरापर्यंत सगळ्यांचं येणंजाणं महिनाभर तिच्या पोटात राहतं. मी दुकानदाराला विचारलं, काहीच साठवत नाही अशी नाही का. तो जरा गोंधळलाच. मग तिसरी पुढं केली, "मौशी, इसमें कुछ नहीं रहता. दिखता, बजता, बस."

आबा म्हणाले, "मंग तिचा उपयोग काय?" मी म्हणाले, आपल्या दारात असं कोण राजे येऊन जातात की त्यांची चित्रं जपून ठेवायची? समोर दिसलं की झालं. सोमनाथ म्हणाला, "आबा, लाइव्ह तर दिसतंय ना, बास आहे." मग आबांनीही मान डोलावली.

घरी येईपर्यंत मला इतका आनंद झाला होता की मी रिक्षात दोनदा हसले. आबांनी विचारलं काय झालं, मी म्हणाले चोरांची शिस्त आठवली.

बसवली की लिहिते. पोटावर झोपत नाहीस ना?

तुझी आई

&nbsp;

पडेगाव, २ फेब्रुवारी २०२५

संस्कृती, आशीर्वाद, तुला आणि तुझ्या पोटातल्यालाही.

बेल बसली. काळी, साबणाच्या वडीएवढी, वर एक डोळा. सोमनाथनं स्वतःच्या आणि आबांच्या मोबाईलात काहीतरी टाकलं. माझा मोबाईल जुना, त्यात ते बसलं नाही. आबा कोचावर बसून दूधवाल्याला मोबाईलमधून म्हणाले, "कोन पायजे?" तो बिचारा दचकून पाठीमागं बघायला लागला. आबा पोट धरून हसले. फार दिवसांनी हसले.

आता नीट वाच. मी सोमनाथला गोडीत विचारून घेतलं, ही चालते कशावर. तो म्हणाला, घरातल्या वायफायवर. वायफायचा डबा आपल्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. गच्चीच्या शेवटच्या टोकाला गेलं तरी सोमनाथचा मोबाईल गोल गोल फिरत बसतो, मग बिडकीनच्या शेतावर तो कसला पोचतोय. म्हणजे आबा घरात असले तरच त्यांना दिसणार. आणि बेल काही साठवत नाही, त्यामुळे घरी आल्यावर बघायलाही काही उरणार नाही. मी चारही बाजूंनी विचार केलाय. तेव्हा गुरुवारी, तेरा तारखेला, ये. आबा सकाळी नऊलाच शेतावर जातात, सोमनाथची पहिली पाळी आहे. बेल दाबू नकोस, दोनदा हलकेच टकटक कर. स्कार्फ असू दे.

सातवा लागला. ओटी भरायची आहे.

तुझ्या सासूबाईंचा, चंपाबाईंचा, निरोप मिळाला. त्या म्हणतात, आमच्याकडे कार्यक्रम करतोय, विहीणबाईंनी अजिंठ्याला यावं, पहिली ओटी आईनंच भरावी. त्यांचा मोठेपणा आहे. त्यांच्यात असलं काही करतात की नाही हे मी मागे विचारलं होतं आणि तू रागावली होतीस, तर आता कळलं. पण बाळा, पहिली ओटी माहेरच्या देवापुढे भरायची असते. माझ्या आईनं माझी तशीच भरली. शिवाय आबांना काय सांगून निघू? मला बसही लागते. आणि दिवसभर घर उघडं टाकून जायचं म्हणजे सध्याच्या दिवसांत बरं नाही. त्यांना म्हणावं, राग मानू नका.

हिरवं लुगडं घेऊन ठेवलंय. गहू निवडून ठेवलेत. पुरणपोळीच करते, तुला आवडते म्हणून नाही, मला करावीशी वाटते म्हणून.

तुझी आई

&nbsp;

पडेगाव, १५ फेब्रुवारी २०२५

संस्कृतीस,

गुरुवारी मी घरी नव्हते. पैठणच्या मावशीला बरं नसल्याचं सकाळी अचानक कळलं आणि जावं लागलं. तुला कळवायला काही साधनच नव्हतं. रूपालीचं दुकानही उशिरा उघडतं. इतक्या घाईत निघाले की मोबाईलही घरीच राहिला, तो वाजला असेल तर त्याचा काही अर्थ नाही.

तू आली होतीस का? आली असशील तर परत जावं लागलं असेल. फार वाईट वाटलं.

मावशीचं आता बरं आहे. त्यांच्याकडे ऊन फार होतं. इकडेही असेल.

आबा काही म्हणाले नाहीत.

पायांना सूज चढली आहे, मीठ कमी कर आणि झोपताना पायांखाली उशी घे. अशा अवस्थेत उन्हात जास्त वेळ उभं राहू नये.

ओटीचं बघू पुढे.

तुझी आई

&nbsp;

पडेगाव, ९ मार्च २०२५

संस्कृती,

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ. "आई, माझ्या पायांची सूज तुला पैठणहून दिसली का?"

तीन आठवडे ती ओळ मी मसाल्याच्या डब्याखाली ठेवली आहे. उत्तर लिहायला चार वेळा बसले.

मी घरातच होते. ताट करून दाराशीच बसले होते, साडेअकरापासून. तू दोनदा टकटक केलंस, मी सांगितलं होतं तसं. मी ताट उचललं, कडीला हात घातला आणि बाहेरून आबांचा आवाज आला. मला वाटलं ते शेतावरून परत आले आणि तुझ्या मागेच उभे आहेत. मग कळलं, आवाज बेलमधून येतोय.

"कोन पायजे?"

तू म्हणालीस, "आबा, मी."

मग पुन्हा त्याच आवाजात, दूधवाल्याला विचारावं तसं, "कोन पायजे?"

"आईला भेटायचंय."

"घरात कोनी नाय."

आणि माझा मोबाईल वाजला. मी तो पदरात दाबला, पण तो लई मोठ्यानं वाजतो, तुला माहीत आहे. तू बेलला म्हणालीस, "आबा, आत मोबाईल वाजतोय." मी फोन उचलला. आबा म्हणाले, "उघडू नको." मी म्हणाले, "व्हय." इतकं हळू म्हणाले की तुला ऐकू गेलं नसेल. गेलं असेल तर ते मला सांगू नकोस.

नंतर मी खिडकीचा पडदा बोटभर सरकवून तुला बघत होते. तू पायरीवर टेकलीस. चप्पल काढून पाय चोळलेस. पाणी पिशवीतलंच प्यालीस. मी चार हातांवर होते. तू उठून फाटकाची कडी लावून गेलीस.

सोमनाथनं त्या संध्याकाळी जेवताना समजावून सांगितलं, मी न विचारता. वायफाय घरातलं असलं तरी आबांच्या मोबाईलात सगळं दिसतं, बिडकीनला असोत की दिल्लीला. बेल दाबावीही लागत नाही, समोर माणूस हललं तरी तिकडे वाजतं. तो हे सगळं भिंतीकडे बघून बोलत होता. म्हणजे मी तुझ्यासाठी निवडून निवडून, दोघांशी वाद घालून, हीच बेल घेतली. साठवून ठेवणारी घेतली असती तर निदान आबांना घरी आल्यावर कळलं असतं आणि तोवर तुझी ओटी भरून झाली असती. त्यानंतर मला काय व्हायचं ते झालं असतं.

हात धुताना आबा म्हणाले, "बेल चांगली निवडली तू."

बस, एवढंच. ना ओरडले, ना ताट फेकलं. ओरडले असते तर मी रडले तरी असते. ओटीचा नारळ दुसऱ्या दिवशी फोडून चटणी केली, त्यांनी मागून घेतली. गहू परत कोठीत ओतले. कुठले कुठले ते आता ओळखूही येत नाहीत.

मी काय करू, सांग. आबा आता शेतावरून दर तासाला दार बघतात. मी झाडायला पायरीवर गेले की बेलमधून विचारतात, "कुठं निघाली?" मी झाडू वर करून दाखवते. पुंजाराम काकांकडच्या काकू म्हणतात, तुमची लई काळजी बाई त्यांना.

लाज वाटते, पण आशीर्वाद द्यायचा राहत नाही.

तुझी आई

&nbsp;

पडेगाव, २४ एप्रिल २०२५

संस्कृती,

तू काही लिहिलं नाहीस, आणि लिहावंस असं मी वागलेही नाही. पण परवा जे घडलं ते तुला चंपाबाईंनी सांगितलं असेल किंवा नसेल. त्या सांगणाऱ्यातल्या वाटल्या नाहीत. म्हणून मीच सांगते.

मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला कडी वाजली. मी विचारलं कोण, तर बाईचा आवाज आला, "अजिंठ्याहून आलेय." मी दार उघडलं. हो, उघडलं. तुझ्या वेळेला उघडलं नाही ते त्यांच्यासाठी उघडलं.

मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. माझ्याच वयाच्या, माझ्याहून काटक. पांढरी साडी, घामानं पाठीला चिकटलेली. हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाल्या, "विहीणबाई, नात झाली. शनिवारी पहाटं. दोघी बऱ्या हायेत, काळजीचं कारन नाय." त्यांनी पुडा पुढं केला. मुलगी झाली तरी पेढे. मी घेतला.

मग त्या म्हणाल्या, "पोरगी बोलत नाय, पन दार वाजलं की बघती. कळा सोसताना तुमचंच नाव घेत होती. येऊन जा. आमचं घर बसस्टँडपासून लांब नाय, कोनालाबी इचारा."

मी म्हणाले, बघते.

त्या उंबऱ्याच्या बाहेर, मी आत. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या खांद्यावरून त्यांची नजर एकदा माठाकडे गेली. एकदाच गेली. बावीस एप्रिलचं ऊन, अजिंठ्यापासून बसचा प्रवास, पुढे रिक्षा नाहीतर पायी. मला सगळं दिसत होतं. आत या म्हणायला माझं तोंड उघडलं होतं, संस्कृती, खरंच उघडलं होतं. पण त्यातून शब्द आला नाही. मनात काय आलं ते आज लिहिते, कारण आता लपवून ठेवायचं ते कुणापासून? मनात आलं की आत आल्या तर बसवायचं कुठं, आणि पाणी कोणत्या पेल्यात द्यायचं.

एवढ्यात त्या म्हणाल्या, "येते मी. परतीची गाडी हाय." आणि गेल्या. फाटकाची कडी त्यांनीही तुझ्यासारखीच लावून घेतली.

त्यांना वाटलं असेल, बेलच्या भीतीनं ही बाई मुकी झाली. तुलाही त्या तसंच सांगतील, माझी बाजू घेऊन. म्हणून तुला खरं कळायला हवं. मंगळवारी सकाळी आठपासून लाईट नव्हती. वायफाय बंद, बेल बंद. त्यांनी आधी बेल दाबली असणार, वाजली नाही म्हणून कडी वाजवली. आबांना काही दिसत नव्हतं. त्या दारात मला अडवणारं कोणी नव्हतं, आणि हे मला दार उघडायच्या आधीपासून माहीत होतं.

ओटीच्या वेळी मी तुला देव सांगितला, बस लागते म्हणून सांगितलं, उघडं घर सांगितलं. तुझ्या सासूच्या घरी बसून त्यांच्या हातचं जेवावं लागेल, हे सांगितलं नाही. आबांचा धाक खोटा नाही. पण त्याच्या आड मी माझंही बरंच काही ठेवलं होतं.

पेढे मी खाल्ले. उभ्यानं, ओट्याशी, सगळे. आबा घरी यायच्या आत संपवले आणि पुडा चुलाण्यात जाळला. नात झाल्याचं मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

आता तू ये म्हणायला मला तोंड नाही. मी येऊ का, एवढंच विचारते. सकाळी झाडू दारात ठेवून निघेन, आबा बेलमधून विचारतील कुठं निघाली, तर काय उत्तर द्यायचं ते अजून सुचलेलं नाही. सुचेल की नाही तेही माहीत नाही. पण तू ये म्हणालीस तर निघेन असं वाटतं. चंपाबाईंना विचारून रूपालीकडे कळव. त्यांनी मला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं तरी चालेल. पाणी विचारलं नाही तरी चालेल. बाळाला कोणीतरी दारापर्यंत आणून दाखवा.

तुझी आई